पाच अंकांचा पुनर्शोध : विस्मृत फ्रेंच ग्रँड ऑपेरा आणि नवी ध्वनिमुद्रणे

प्रश्नाचे स्वरूप

28 एप्रिल 1865 रोजी पॅरिसच्या ल पेलतिए रस्त्यावरच्या ऑपेरागृहात ‘लाफ्रिकेन’चा पहिला प्रयोग झाला. सम्राट तिसरा नेपोलियन आणि सम्राज्ञी युजेनी प्रेक्षागृहात हजर होते. ऑपेराचा नायक होता वास्को द गामा. हा प्रयोग पाहायला त्याचा संगीतकार जाकोमो मायरबेअर मात्र हयात नव्हता. स्वरलिपी लिहून झाली होती, पण तालमींना उभे राहण्याआधीच, 2 मे 1864 रोजी, त्याचे निधन झाले. वर्ष उलटायच्या आत पॅरिसमध्ये या ऑपेराने शंभरी गाठली. पुढची काही दशके तो युरोप-अमेरिकेत गाजत राहिला आणि मग हळूहळू रंगमंचावरून उतरला. लोकांच्या कानात उरले ते नायकाचे एक पद.

2013 मध्ये जर्मनीतल्या शेमनित्स शहराच्या ऑपेरागृहाने मायरबेअरच्या मूळ लेखनावर आधारलेली नवी आवृत्ती रंगमंचावर आणली. फ्रांक बेअरमान यांच्या संचालनाखाली झालेले तिचे ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी सीपीओ कंपनीने चार सीडींच्या संचात प्रसिद्ध केले. मुखपृष्ठावर ‘लाफ्रिकेन’ नव्हे, तर संगीतकाराच्या मनातले नाव होते : ‘वास्को द गामा’. त्यानंतर 2022 मध्ये ‘रोबेर ल दियाब्ल’ आणि 2024 मध्ये ‘ल प्रोफेत’ ही मायरबेअरचीच आणखी दोन मोठी कामे नव्या मुद्रणांत आली. आलेवी, गुनो, दोनिझेत्ती यांचे पॅरिससाठी लिहिलेले आणि विसरले गेलेले ऑपेराही याच काळात एकेक करून उजेडात आले.

या पुनर्शोधाने चार प्रश्न पुढे आणले आहेत. हे ऑपेरा विस्मृतीत का गेले? त्यांची खरी संहिता कोणती? डोळ्यांसाठी रचलेली ही कला नुसती ऐकून कळते का? आणि ती आज पुन्हा ऐकावी इतके मोल तिच्यात आहे का? या प्रश्नांवर जाणकार आज कुठे उभे आहेत, याचा हा आढावा. उदाहरण म्हणून ‘वास्को द गामा’ सतत समोर ठेवला आहे, कारण चारही प्रश्न त्याच्यात एकवटतात आणि त्याची कथा आपल्या किनाऱ्यापर्यंत येते.

पार्श्वभूमी : पॅरिसचा मोठा मांड

ग्रँड ऑपेरा हा शब्द सैल अर्थाने वापरला जात असला, तरी त्याची चौकट बरीच ठरलेली होती. सहसा पाच अंक, इतिहासातला एखादा मोठा संघर्ष, त्यात सापडलेले प्रेमी जीव, बोललेला एकही संवाद नाही, सगळे गायलेले. अवाढव्य कोरस, भव्य नेपथ्य आणि मध्ये कुठेतरी बॅले हवाच. 1828 मध्ये ओबेरच्या ‘ला म्युएत द पोर्तिची’ने हा साचा घडवला. 25 ऑगस्ट 1830 रोजी ब्रुसेल्समध्ये याच ऑपेराच्या प्रयोगानंतर दंगल उसळली आणि बेल्जियमच्या स्वातंत्र्याच्या उठावाला तोंड फुटले. 1829 मध्ये रोसिनीचा ‘गियोम तेल’ आला. 1831 मध्ये लुई वेरों याने पॅरिस ऑपेराचा कारभार हाती घेतला. सरकारी अनुदान होते, पण नफातोट्याची जोखीम त्याची स्वतःची होती.

त्याच वर्षी मायरबेअरचा ‘रोबेर ल दियाब्ल’ रंगमंचावर आला. त्याच्या तिसऱ्या अंकात मठाच्या भग्न अवशेषांत मेलेल्या जोगिणी थडग्यांतून उठून नाचतात. या प्रवेशाने पॅरिसला इतके झपाटले की चाळीस वर्षांनी चित्रकार देगा त्याची चित्रे काढत होता. 1835 मध्ये आलेवीचा ‘ला जुईव’, 1836 मध्ये मायरबेअरचा ‘ले युग्नो’, 1849 मध्ये ‘ल प्रोफेत’ अशी ही मालिका चालली. ‘ल प्रोफेत’मधला सूर्योदय दाखवायला विजेचा प्रखर दिवा वापरला गेला. यातल्या बहुतेक संहिता युजेन स्क्रीब या एकाच नाटककाराच्या हातच्या. 1906 मध्ये ‘ले युग्नो’ने पॅरिस ऑपेरात आपला हजारावा प्रयोग साजरा केला. त्या संस्थेत हा टप्पा आधी कोणत्याच ऑपेराने गाठला नव्हता.

या परंपरेचा पसारा फ्रान्सपुरता नव्हता. वाग्नरचा ‘रिएन्झी’ याच साच्यातला. व्हेर्दीने पॅरिससाठी ‘ले व्हेप्र सिसिलिएन’ आणि ‘दों कार्लोस’ लिहिले. एकोणिसाव्या शतकातल्या संगीत रंगभूमीचा इतिहास हा दुवा वगळून सांगता येत नाही, याबद्दल आज दुमत उरलेले नाही.

विस्मृतीची कारणे

इतके यश मिळालेला प्रकार दिसेनासा का झाला, यावर तीन प्रकारची उत्तरे दिली जातात.

पहिले उत्तर कलेतल्या बदलाचे. रॉबर्ट शूमानने 1837 मध्येच ‘ले युग्नो’वर कडक टीका केली होती. वाग्नरने पुढे ‘ऑपेरा आणि नाटक’ या ग्रंथात मायरबेअरवर असा आक्षेप घेतला की, त्याच्या संगीतात परिणाम साधलेले दिसतात, पण त्यांच्यामागे नाट्यगत कारण नसते. ऑपेरा म्हणजे एकसंध संगीत-नाटक हा विचार रुजत गेला, तसा स्वतंत्र दृश्यांच्या रांगेवर उभा असलेला हा प्रकार लोकांना जुनाट वाटू लागला.

दुसरे उत्तर ज्यूद्वेषाचे. मायरबेअर आणि आलेवी दोघेही ज्यू. वाग्नरने 1850 मध्ये टोपणनावाने आणि 1869 मध्ये स्वतःच्या नावाने ‘संगीतातील ज्यूपण’ हा लेख प्रसिद्ध केला. त्यातला विखार पुढच्या पिढ्यांच्या संगीतसमीक्षेत झिरपला. 1933 नंतर नाझी जर्मनीत मायरबेअरचे संगीत वाजवणेच बंद झाले. या मताच्या अभ्यासकांचे म्हणणे असे की, मायरबेअर उथळ आहे हा शेरा संगीत ऐकून बनलेलाच नाही. तो वारशाने आला आहे.

तिसरे उत्तर पैशाचे आणि गळ्यांचे. ‘ले युग्नो’ला पहिल्या दर्जाचे सात गायक लागतात. त्यावर मोठा कोरस, बॅले आणि चार तासांचा वेळ. पहिल्या महायुद्धानंतर हा खर्च नाट्यगृहांना झेपेना आणि ती गायकीही शिकवली जाईना.

यांपैकी कोणतेही एक उत्तर पुरे पडत नाही. वाग्नरच्या लेखानंतरही ‘ले युग्नो’ पॅरिसमध्ये 1936 पर्यंत चालू होता, म्हणजे केवळ द्वेषाने तो पडला असे म्हणता येत नाही. पण तो पुन्हा पॅरिस ऑपेरात यायला 2018 उजाडावे लागले. तितकाच खर्चिक असलेला वाग्नर मात्र याच काळात जगभर होत राहिला. म्हणजे केवळ खर्चाचे कारणही टिकत नाही. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे अजून कुणी नेमके तोलून दाखवलेले नाही.

कात्री आणि हस्तलिखिते

पॅरिस ऑपेरात तालमी महिनोन्‌महिने चालत आणि तालमीत कात्री चाले. प्रयोग लांबला, गायक थकला, नेपथ्य बदलायला वेळ लागला, की पाने गळत. छापील स्वरलिपी बहुधा या काटछाटीनंतरची असे. त्यामुळे मूळ रचना शोधायची तर वादकांच्या हातातल्या सुट्या पानांपर्यंत जावे लागते.

‘दों कार्लोस’ची गोष्ट या बाबतीत प्रसिद्ध आहे. 1867 च्या पहिल्या प्रयोगाआधी व्हेर्दीने त्यातले बरेच संगीत गाळले होते आणि ते नाहीसे झाले असे शंभर वर्षे समजले जात होते. 1969 मध्ये डेव्हिड रोझेन यांना पॅरिस ऑपेराच्या ग्रंथालयातल्या संचालकाच्या प्रतीत दुमडून ठेवलेली पाने आढळली. पाठोपाठ अँड्र्यू पोर्टर यांनी वादकांच्या सुट्या प्रती तपासल्या. गाळलेली पाने कुणी फाडून टाकली नव्हती. ती चिकटवलेली, टाचणीने टोचलेली किंवा दोऱ्याने शिवून टाकलेली होती. शिवण उसवली, एकेका वाद्याचा भाग उतरवून घेतला आणि हरवलेले संगीत पुन्हा जुळले. या शोधानंतर ग्रँड ऑपेराचा अभ्यासक सर्वांत आधी ग्रंथालयाकडे वळू लागला.

मायरबेअरचा कागदोपत्री प्रवास याहून खडतर. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयातली मोलाची संगीत-हस्तलिखिते सुरक्षिततेसाठी पूर्वेकडे हलवली गेली आणि त्यांतली पुष्कळशी शेवटी पोलंडमधल्या क्राकूवच्या याग्येलोनियन ग्रंथालयात पोहोचली. मायरबेअरचे कागदही त्यांत होते. ती अभ्यासकांना खुली झाल्यावरच रिकोर्दी प्रकाशनाची चिकित्सक आवृत्ती शक्य झाली. तिच्यात ‘ल प्रोफेत’चे संपादन मातियास ब्रझोस्का यांचे आहे, ‘वास्को द गामा’चे युर्गेन श्लेडर यांचे.

ध्वनिमुद्रणाचा प्रवास

या ऑपेरांचे पहिले मुद्रण तुकड्यांचे होते. 78 गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर चारेक मिनिटे मावत. त्यामुळे पाच अंकांच्या रचनेतून एखादे पद उचलले जाई. एन्रिको कारुसोने 1907 मध्ये वास्कोचे पद इटालियनमध्ये गाऊन ठेवले आणि तेच जगाला माहीत झाले. लाँग प्लेइंगचे दिवस आल्यावर पूर्ण मुद्रणे सुरू झाली. 1970 च्या सुमारास रिचर्ड बॉनिंग यांनी जोन सदरलंड यांना घेऊन ‘ले युग्नो’ केला. 1976 मध्ये हेन्री लुईस यांच्या संचालनाखाली मॅरिलिन हॉर्न यांचा ‘ल प्रोफेत’ झाला. 1989 मध्ये होसे कारेरास यांचा ‘ला जुईव’ आला. या मुद्रणांचे ऋण मोठे आहे. पण ती मोठ्या गायकांभोवती उभी होती आणि हाताशी असलेल्या जुन्या छापील प्रतींवर चालत होती.

गेल्या पंधरा वर्षांतला टप्पा वेगळा आहे, कारण आता पुढाकार संशोधनाचा आहे. 2009 मध्ये व्हेनिसमध्ये सुरू झालेले पालाझेत्तो ब्रू झान हे केंद्र एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच संगीतालाच वाहिलेले आहे. तिथे संहिता तपासली जाते, मैफलीत प्रयोग होतो, मग मुद्रण होते आणि ते अभ्यासलेखांच्या पुस्तकासह बाहेर पडते. आलेवीचा ‘ला रेन द शीप्र’, गुनोचा ‘ल त्रिब्यू द झामोरा’ आणि मार्क मिंकोव्स्की यांच्या संचालनाखालचा ‘रोबेर ल दियाब्ल’ या वाटेने आले. लंडनच्या ऑपेरा रारा या संस्थेने दोनिझेत्तीचा ‘ले मार्तीर’ उजेडात आणला. ‘ल प्रोफेत’चे 2024 चे मुद्रण लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या स्वतःच्या लेबलवर निघाले. 2023 च्या उन्हाळ्यात एक्स-आं-प्रोव्हान्सच्या महोत्सवात मार्क एल्डर यांनी संचालित केलेल्या मैफलीतले ते आहे.

गायकही तयार झाले. जॉन ऑस्बर्न आणि मायकेल स्पायर्स यांच्यासारखे टेनर या ऑपेरांतल्या नायकांना लागणारा अवघड आवाज पुन्हा कमावून आले. या भूमिका 1830 च्या दशकात आदोल्फ नूरीसारख्या गायकासाठी लिहिल्या गेल्या. नूरी वरचे सूर हलक्या, मिसळलेल्या आवाजात घेई. 1837 मध्ये जिल्बेर द्युप्रे याने ‘गियोम तेल’मध्ये वरचा षड्ज छातीच्या पूर्ण आवाजात लावला आणि पुढची सगळी गायकी त्या दिशेने वळली. नवे गायक दोन्ही रीती जवळ बाळगतात. नुसत्या जोराने ज्या जागा कर्कश व्हायच्या, त्या आता गोड लागतात.

जवळून : ‘वास्को’चा चौथा अंक

या ऑपेराचा करार 1837 चा. पहिल्या आराखड्यात वास्को नव्हताच. एक स्पॅनिश अधिकारी, आफ्रिकेचा अंतर्भाग आणि एक आफ्रिकी राणी अशी ती कथा होती. 1850 च्या दशकात स्क्रीब आणि मायरबेअर यांनी ती मुळापासून बदलली. नायक वास्को झाला, राणी सेलिका पूर्वेकडे सरकली आणि नाव ठरले ‘वास्को द गामा’. मायरबेअरच्या निधनानंतर बेल्जियन संगीतपंडित फ्रांस्वा-जोसेफ फेतिस याच्याकडे ती स्वरलिपी आली. त्याने बरेच संगीत गाळले, काही जागा हलवल्या. लोक वर्षानुवर्षे ‘लाफ्रिकेन’ची वाट पाहत होते, म्हणून तेच जुने नाव परत लावले. परिणाम असा झाला की, नाव आफ्रिकी स्त्रीचे, पण तिच्या राज्यात ब्रह्मदेवाचा महापुरोहित आणि शपथा ब्रह्मा, विष्णू, शिवाच्या. तिसऱ्या अंकात सेलिकासोबतचा गुलाम नेलुस्को गातो ती आदामास्तोर राक्षसाची गाथा पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातल्या कल्पनेवर बेतलेली आहे. हा कवी स्वतः गोव्यात राहून गेलेला. शेवटच्या अंकात सेलिका ज्या विषारी झाडाखाली प्राण सोडते, ते मात्र अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरचे आहे. या भूगोलात एकही जागा धड नाही, आणि 1498 मध्ये कालिकतला उतरलेल्या खऱ्या वास्कोशी या कथेचे नाते नावापुरतेच आहे.

आता चौथा अंक सलग ऐकावा. आधी सेलिकाच्या राज्याभिषेकाची मिरवणूक येते : लांबच लांब कूच, एकामागून एक पथके, वाद्यवृंदाचा बदलता रंग. किनाऱ्याला लागलेल्या परक्यांना मारण्याचा हुकूम निघालेला आहे. मग मंच रिकामा होतो आणि वास्को एकटा उरतो. उंच सुरातली सुषिर वाद्ये कुजबुजल्यासारखी वाजू लागतात, तारवाद्ये खाली थरथरत राहतात, आणि टेनर अगदी हलक्या आवाजात त्या भूमीचे कौतुक करू लागतो. कारुसोच्या तबकडीमुळे हे पद निसर्गाला आळवलेले गीत म्हणून ओळखले जाते. पण वाक्य पुढे सरकते, आवाज चढतो आणि वास्को सांगतो की हा नवा मुलूख आता माझा, तो मी माझ्या देशाला अर्पण करीन. कौतुक आणि मालकी एकाच श्वासात. पुढच्या क्षणी त्या भूमीची माणसे त्याला मारायला धावतात. सुटे पद ऐकणाऱ्याला आधीचा हुकूम ठाऊक नसतो आणि नंतरचा हल्लाही ऐकू येत नाही. शेमनित्सच्या मुद्रणात तर पदाचे सुरुवातीचे शब्दही बदललेले आहेत. तिथे प्रचलित पाठातला स्वर्गाचा उल्लेख नाही, गोड हवेचा आहे. मायरबेअरच्या स्वरलिपीत तसेच होते. पूर्ण मुद्रण श्रोत्याला काय देते, ते या पंधरा-वीस मिनिटांत स्पष्ट होते.

मतभेद

*पहिला वाद संहितेचा.* श्लेडर यांच्या बाजूचे म्हणणे सरळ आहे : संगीतकाराने लिहिले ते आधी जसेच्या तसे समोर यावे, फेतिसचे हात नंतर पाहू. दुसरी बाजूही वजनदार आहे. मायरबेअर स्वतः तालमीत निर्दयपणे काटछाट करणारा होता. ‘ल प्रोफेत’चेही त्याने तसेच केले होते. तो जगला असता तर हस्तलिखितातले सगळे त्याने राखलेच नसते. शिवाय 1865 पासून जगाने ऐकला, ज्याने पुढच्या संगीतकारांवर ठसा उमटवला, तो ऑपेरा फेतिसचाच होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर झालेला वाद ज्यांना आठवतो, त्यांना हे दोन्ही पक्ष ओळखीचे वाटतील : शोधून सिद्ध केलेला पाठ खरा, की शतकानुशतके लोकांनी वाचलेला नीलकंठी पाठ? फरक इतकाच की, तिथे संपादकांनी मागाहून आलेले श्लोक तळटीपांत नेले आणि इथे गाळलेले परत आत घेतले.

*दुसरा वाद माध्यमाचा.* ‘लाफ्रिकेन’च्या तिसऱ्या अंकात अख्खे जहाज मंचावर उभे राहत असे, ग्रँड ऑपेरात बॅलेसाठी लोक खास येत आणि कोरसच्या हालचालींवर गोष्ट पुढे जात असे. तेव्हा नुसता ध्वनी म्हणजे अर्धाच ऐवज, असे नाट्यपक्षाचे म्हणणे. उलट बाजू अशी की, नेपथ्याच्या झगमगाटात वाद्यवृंदाचे बारकावे बुडत असत. ‘ले युग्नो’च्या पहिल्या अंकातले व्हायोला दामोरेचे एकाकी वादन किंवा पाचव्या अंकात मरणाच्या दारातल्या प्रेमिकांना साथ करणारा बास क्लॅरिनेट मुद्रणात जितका जवळून ऐकू येतो, तितका नाट्यगृहात क्वचितच आला असेल. बेर्लिओझने या वाद्ययोजनेची थोरवी तेव्हाच ओळखली होती.

*तिसरा वाद मोलाचा.* विल्यम क्रॉस्टन यांनी 1948 च्या ग्रंथात ग्रँड ऑपेराकडे कला आणि धंदा अशा दुहेरी नजरेने पाहिले. जेन फुल्चर यांनी त्यात राज्यसत्तेने घडवलेली राष्ट्राची प्रतिमा शोधली. आन्सेल्म गेरहार्ड यांनी हा प्रकार वाढत्या महानगराच्या अनुभवाशी जोडला : गर्दी, धक्का, अचानकपणा. सारा हिबर्ड यांनी क्रांतीनंतरची फ्रेंच ऐतिहासिक जाण त्यात वाचली. या अभ्यासाने विषय समृद्ध झाला, यात शंका नाही. पण एक आक्षेप उरतो : यामुळे ऑपेरा इतिहासाचा दस्तऐवज ठरतो, संगीत म्हणून तो उभा राहतो का? पुनर्शोधाचे पुरस्कर्ते यावर मुद्रणाकडे बोट दाखवतात, ऐका आणि ठरवा. शंका घेणारे म्हणतात की, ‘ले युग्नो’चा चौथा अंक अद्वितीय आहे हे वाग्नरनेही मान्य केले होते. प्रश्न त्याच्या आजूबाजूच्या तीन तासांचा आहे.

*चौथा वाद पूर्वेच्या चित्रणाचा.* राल्फ लॉक यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले आहे की, परकेपणा केवळ चमत्कारिक स्वरांत नसतो. कथा, वेष, आवाजाची जात यांतूनही तो बांधला जातो. या कसोटीवर ‘वास्को’ दोन्ही बाजूंना पुरावा देतो. एका वाचनात सेलिका ही युरोपीय पुरुषासाठी प्राण देणारी ठरीव पूर्वदेशी स्त्री आहे. दुसऱ्या वाचनात ऑपेराचा सगळा नैतिक भार तिच्यावर आणि नेलुस्कोवर आहे. वास्को वचने मोडणारा, प्रेमापेक्षा कीर्ती निवडणारा माणूस आहे आणि अखेरचे संगीत त्याच्या वाट्याला येतच नाही. फ्रँकफर्टला 2018 मध्ये तोबियास क्रात्सर यांनी सगळी कथा अंतराळात नेली. सेलिकाचे लोक परग्रहवासी झाले, म्हणजे पूर्वेचे खोटे चित्र टळले, पण वसाहतवादाचा मुद्दा शाबूत राहिला. माझ्या मते हा प्रयोग विचारपूर्वक केलेला आहे. पण कालिकतचा संदर्भच पुसल्यामुळे इतिहासाशी थेट भिडण्याची संधी गेली, हा आक्षेपही खरा आहे.

मासनेचा ‘ल रुआ द लाऊर’ इथे शेजारी ठेवून पाहावा. 1877 मध्ये पॅरिसला आलेल्या या ऑपेराची कथा अकराव्या शतकातल्या लाहोरवरच्या स्वारीभोवती फिरते, तिसरा अंक इंद्राच्या स्वर्गात घडतो आणि त्यातल्या प्रधानाचे नाव आहे सिंदिया! अठराव्या शतकातले मराठा सरदार घराणे अकराव्या शतकातल्या लाहोरात. लुई गाले या संहिताकाराने भारतीय नावे मिळतील तिथून घेतली, हे उघड आहे. बॉनिंग आणि सदरलंड यांच्या 1979 च्या मुद्रणामुळे हे संगीत उपलब्ध आहे आणि ते सुंदर आहे. तरीही भारतीय आणि त्यातही मराठी अभ्यासकाने या दोन ऑपेरांकडे सविस्तर पाहावे, हे काम बाकी आहे.

काय सुटले, काय उरले

काही गोष्टी आता वादापलीकडे गेल्या आहेत. मायरबेअरची वाद्ययोजना युगप्रवर्तक होती. व्हेर्दी आणि वाग्नर दोघांनीही त्याच्याकडून घेतले. त्याच्यावरच्या टीकेत ज्यूद्वेषाचा अंश होता. आणि जुन्या छापील प्रती त्याच्या लेखनाचे पूर्ण चित्र देत नाहीत. या चारही गोष्टींना नव्या आवृत्त्यांनी आणि मुद्रणांनी आधार दिला आहे.

उरलेल्या गोष्टी तीन. पहिली, बॅलेचे काय? मुद्रणात त्याचे संगीत मिळते, पण नृत्यरचना बहुतांशी नष्ट झाल्या आहेत. दुसरी, मुद्रणाचे रूपांतर नियमित प्रयोगांत होत नाही. बर्लिनच्या डॉइच ऑपेराने 2015 ते 2017 या काळात ‘वास्को द गामा’, ‘ले युग्नो’ आणि ‘ल प्रोफेत’ ओळीने रंगमंचावर आणले. असे उदाहरण विरळाच. बहुतेक ठिकाणी मैफल, मुद्रण आणि मग पुन्हा शांतता, असेच घडते. तिसरी, पूर्ण मुद्रण एकदा बाजारात आले की तेच प्रमाण मानले जाते. हस्तलिखितातले प्रत्येक पान पवित्र मानणे मायरबेअरच्या स्वतःच्या स्वभावाविरुद्ध आहे.

या सगळ्यावरून माझा निष्कर्ष असा. मुद्रणात सगळे यावे. गाळलेले आणि दुसरे पाठ परिशिष्टात यावेत, कारण मुद्रण हे जतनाचे आणि तपासणीचे साधन आहे. रंगमंचाला मात्र कात्रीचे स्वातंत्र्य असावे, कारण हा प्रकार त्या स्वातंत्र्यातच वाढला. ‘वास्को’ पूर्णपणे निर्दोष ऑपेरा नाही. दुसऱ्या अंकात तो रेंगाळतो आणि त्याच्या नायकावर प्रेम करणे अवघड आहे. पण चौथा आणि पाचवा अंक एकोणिसाव्या शतकातल्या सर्वोत्तम नाट्यसंगीताच्या पंक्तीला बसतात, हे आता कुणाच्या सांगीवरून मानावे लागत नाही. ते ऐकता येते.

वाचकांना एवढेच सुचवतो : संहितेचे भाषांतर समोर ठेवा, पदाच्या शोधात उड्या न मारता चौथा अंक मिरवणुकीपासून शेवटपर्यंत सलग ऐका आणि मग मायरबेअरबद्दलचे मत बनवा. जवळजवळ शंभर वर्षे हे मत न ऐकताच बनवले गेले.